खांदेरीची मोहीम (इ. स. १६७९-८०) : बेटाचा ताबा आणि रसदेची वाट

समुद्रावरील लढायांचा हिशेब बहुधा गलबतांच्या संख्येने मांडला जातो. किती गलबते बुडाली, किती पकडली गेली आणि कोणता पक्ष मागे हटला, एवढ्यावरून जय-पराजयाचा निर्णय दिला जातो. खुल्या समुद्रातील झुंजीपुरती ही रीत पुरेशी असेल. परंतु एखाद्या बेटाच्या ताब्यासाठी चाललेल्या मोहिमेला ती लागू केली म्हणजे निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो. खांदेरीची मोहीम हे याचे चांगले उदाहरण होय. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांच्या साठांहून अधिक नौका अवघ्या आठ इंग्रज गलबतांवर चालून गेल्या आणि अखेरीस त्यांना नागोठण्याच्या खाडीचा आश्रय घ्यावा लागला. केवळ त्या दिवसाचा निकाल पाहिला तर तो मराठ्यांच्या बाजूने लागला असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या बेटासाठी ही झुंज झाली ते खांदेरी मराठ्यांकडेच राहिले, आणि पुढे १८१८ पर्यंत, म्हणजे सुमारे १४० वर्षे, ते मराठी सत्तेच्या कक्षेतच होते. ज्या आरमाराला समोरासमोरच्या लढाईत माघार घ्यावी लागली त्याच्या हाती बेट कसे राहिले, हा या मोहिमेच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहे.

या मोहिमेची तपशीलवार माहिती मुख्यत्वे मुंबई व सुरत येथील इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून मिळते. त्यातील तारखा जुन्या इंग्रजी पंचांगाच्या असून आजच्या पंचांगाहून त्या १० दिवसांनी मागे आहेत. प्रस्तुत लेखात त्या तशाच दिल्या आहेत. हा पुरावा एका पक्षाचा आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु तो प्रतिपक्षाचा असल्यामुळेच मराठ्यांच्या यशाविषयी त्यात जे कबूल केले आहे त्याचे मोल अधिक ठरते.

बेटाचे स्थान

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात दोन लहान बेटे आहेत. त्यांपैकी उंदेरी किनाऱ्यापासून एक-सव्वा किलोमीटरवर, तर खांदेरी सुमारे ५ किलोमीटरवर आहे. मुंबई खांदेरीपासून सुमारे २० किलोमीटर उत्तरेस येते. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारे गलबत या बेटांच्या दृष्टीच्या टप्प्यातून जाते. खांदेरीवर दोन टेकड्या असून भोवती खडपे पसरलेली आहेत. उधाणाच्या दिवसांत या भागात भरती व ओहोटी यांच्या पातळीत ४ मीटरांच्या आसपास फरक पडतो. त्यामुळे एका प्रहरी ज्या वाटेने नौका सहज जाते तीच वाट दुसऱ्या प्रहरी खडकांनी अडलेली असते. नौका कोठे लावावी आणि कोणत्या वेळी लावावी, हे अशा बेटावर नकाशापेक्षा स्थानिक तांडेलालाच अधिक कळते.

परभणीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील अभ्यासकाला पाण्यातून उतरणाऱ्या सैन्याची अडचण गोदावरीच्या पुरावरून सहज समजू शकेल. गंगाखेडच्या काठावर पूर पाहिलेल्या कोणासही हे ठाऊक आहे की, पलीकडे जाणारी मंडळी नावेत असेपर्यंत पूर्णपणे दुसऱ्याच्या स्वाधीन असतात. १७६३ मध्ये राक्षसभुवन येथे निजामाचे सैन्य गोदावरी ओलांडताना दुभंगले. अर्धे पलीकडे गेले, अर्धे अलीकडे राहिले, आणि अलीकडच्या अर्ध्यावर मराठ्यांनी घाला घातला. बेटावर सैन्य उतरवताना हीच स्थिती अधिक तीव्रतेने अनुभवास येते. नावेतील सैनिकाला आडोसा नसतो, त्याचा नेम डुगडुगत्या नौकेवरून धरलेला असतो, आणि किनाऱ्यावर पाय टेकेपर्यंत त्याच्या संख्याबळाचा उपयोग होत नाही. म्हणून बेटावर जो आधी पोचतो त्याला, त्याची संख्या थोडी असली तरी, मोठा लाभ मिळतो. मात्र हा लाभ टिकतो तो त्याच्यापर्यंत अन्न, दारूगोळा आणि बांधकामाचे सामान पोचत राहील तोपर्यंतच.

खांदेरीची आवश्यकता

शिवाजी महाराजांच्या आरमारी धोरणात जंजिऱ्याचा सिद्दी हा कायमचा अडसर होता. सिद्दीचे आरमार मोगलांच्या आश्रयाने चालत असे. पावसाळ्यात त्याच्या गलबतांना सुरक्षित निवारा लागे आणि तो त्याला अनेकदा मुंबईत, माझगावच्या बंदरात मिळत असे. मुंबई बेट १६६८ पासून इंग्रज कंपनीच्या ताब्यात होते. मोगलांशी असलेला व्यापार बिघडू नये म्हणून कंपनीला सिद्दीस नकार देणे कठीण जाई. पावसाळा मुंबईत काढून सिद्दीची माणसे समोरच्या किनाऱ्यावरील मराठी मुलखात लुटालूट करीत. या प्रकारास आळा घालायचा तर मुंबईच्या दाराशीच एक ठाणे असणे आवश्यक होते. खांदेरी ताब्यात आली असती तर सिद्दीच्या हालचालींवर आणि इंग्रजांच्या व्यापारावर एकाच ठिकाणाहून नजर ठेवता आली असती. इंग्रजांनाही हे पूर्णपणे कळत होते. १६७२ मध्ये खांदेरीवर बांधकाम करण्याचा पहिला प्रयत्न इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला होता.

दरम्यानच्या काळात जंजिऱ्याच्या मोहिमेने आणखी एक धडा दिला होता. जंजिऱ्यासमोरील पद्मदुर्गाच्या कामावर असलेल्या दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमारास नेमून दिलेली रसद वेळेवर पोचली नाही, तेव्हा शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास जानेवारी १६७५ मध्ये अत्यंत कडक पत्र लिहिले. समुद्रातील दुर्गाचे काम तोफांच्या अभावी नव्हे, तर किनाऱ्यावरील एका कचेरीतून पैका व धान्य न सुटल्यामुळे खोळंबू शकते, ही जाणीव त्या पत्रातून स्पष्ट दिसते. खांदेरीच्या मोहिमेची तयारी पाहता हा धडा वाया गेला नाही असे म्हणावे लागते.

उतरण्याची वेळ

१६७९ च्या ऑगस्ट अखेरीस चौल व थळ या भागात माणसे आणि सामान जमा होऊ लागल्याची वार्ता मुंबईस पोचली. सप्टेंबरात मायनाक भंडारी हा सुमारे १५० माणसे व चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि त्याने बेटाभोवती दगड-मातीचा आडोसा उभारण्यास आरंभ केला. मायनाक हा शिवाजी महाराजांच्या आरमारातील एक प्रमुख अधिकारी असून सभासदाच्या बखरीतही त्याचा उल्लेख येतो. त्याच्यासोबत केवळ सैनिक नव्हते. बांधकाम करणारी माणसेही पहिल्यापासून बेटावर आणली गेली होती.

वेळेची निवडही तितकीच महत्त्वाची होती. कोकणात पावसाळ्यात दर्या बंद असतो आणि नारळी पौर्णिमेनंतर तो हळूहळू मोकळा होतो. या संधिकालात समुद्र खवळलेला असतो, वारा पश्चिमेकडून किनाऱ्याकडे वाहतो आणि मोठ्या शिडाच्या जहाजांना किनाऱ्यालगत नांगर टाकून राहणे धोक्याचे जाते; नांगर सुटला तर जहाज थेट खडकांवर जाण्याची भीती असते. थळच्या पाण्यात वाढलेल्या कोळी व भंडारी नावाड्यांना मात्र वल्ह्यांच्या होड्यांनी ५ किलोमीटरचा पट्टा अशा दिवसांतही, संधी साधून, ओलांडता येतो. मोठ्या आरमारास जेव्हा हालचाल कठीण तेव्हाच लहान आरमाराने बेट गाठावे, असा हा हिशेब होता. मुंबईहून एन्साइन ह्यूज याच्या हाताखाली तीन शिबाडे बेटाच्या पाळतीवर पाठविण्यात आली, परंतु खराब हवेमुळे त्यांना परत फिरावे लागले.

इंग्रजांनी प्रथम निरोप पाठवून बेट सोडण्याची मागणी केली. बेट मुंबईच्या हद्दीतील आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बेटावरून उत्तर आले की, धन्याच्या आज्ञेवाचून जागा सोडता येणार नाही. त्यानंतर १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने तीन शिबाडे घेऊन बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. आडोशामागून झालेल्या माऱ्यात थॉर्प व त्याचे सोबती ठार झाले, काही माणसे मराठ्यांच्या हाती लागली, आणि उतरण्याचा बेत फसला.

या प्रसंगाचे स्पष्टीकरण केवळ एका अधिकाऱ्याच्या उतावीळपणाने होत नाही. इंग्रजांच्या बाजूस समुद्रातून बेटावर उतरण्याचा अनुभव नव्हता असे नाही. पुढे या आरमाराचे नेतृत्व ज्याच्याकडे आले त्या कप्तान रिचर्ड केग्विन यानेच १६७३ मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेट डचांकडून परत घेताना कड्यावर चढणाऱ्या तुकडीचे नेतृत्व केले होते. परंतु सेंट हेलेना हे मोठे बेट होते, आणि जेथे रखवाली नव्हती अशा जागी उतरण्यास तेथे वाव होता. खांदेरी इतकी लहान आहे की तिच्या किनाऱ्याचा जवळजवळ प्रत्येक बिंदू आतल्या माणसांच्या बंदुकीच्या टप्प्यात येतो. नजर चुकवून उतरण्यास येथे जागाच नव्हती. थॉर्पच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी बेटावर चढाई करण्याचा नाद सोडला आणि नाकेबंदीचा मार्ग धरला. मोहिमेचे स्वरूप येथून पालटले. बेटावर कोण चढतो याऐवजी बेटापर्यंत काय पोचते, हा प्रश्न पुढे आला.

१८ ऑक्टोबरची झुंज

ऑक्टोबरच्या मध्यास खांदेरीजवळ इंग्रजांची आठ गलबते नांगरून होती : 'रिव्हेंज' हे फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे. खलाशांखेरीज त्यांवर सुमारे २०० युरोपीय सैनिक होते. केग्विनसोबत 'रिव्हेंज'वर कप्तान मिंचिन होता. १८ तारखेस पहाटे मराठ्यांचे सर्व आरमार दौलतखानाच्या आधिपत्याखाली चौलच्या किंचित उत्तरेकडील किनाऱ्यावरून निघाले. साठांहून अधिक नौका नाळेवरील तोफा डागीत इतक्या वेगाने पुढे आल्या की इंग्रजांना नांगर उचलण्यासही पुरता अवधी मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' नावाच्या गुराबेने निशाण उतरविले आणि ती मराठ्यांच्या हाती पडली. तिच्यावरील कैद्यांना पुढे सागरगडावर ठेवण्यात आले. दुसरी गुराब दूर राहिली, लहान नौका पळाल्या आणि 'रिव्हेंज' एकटेच उरले.

यानंतरच्या झुंजीत 'रिव्हेंज'ने आपल्या तोफांच्या बळावर मराठ्यांच्या पाच नौका बुडविल्या असे इंग्रजांचे वृत्त सांगते. मराठी आरमार मागे हटून नागोठण्याच्या खाडीत शिरले. दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर आले, पण इंग्रज गलबते पुढे येताच परतले.

या लढाईतील उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. फ्रिगेटच्या दोन्ही कुशींवर जड तोफांच्या रांगा असत. मराठ्यांच्या गलबतांवर तोफा थोड्या व हलक्या असून त्यांतील बहुतेक नाळेवर असत. शत्रूस भिडून त्याच्या गलबतावर माणसे चढविणे हे त्यांचे मुख्य साधन होते. हे साधन 'डव्ह'च्या बाबतीत यशस्वी झाले. उंच काठाच्या, चहूकडून मारा करणाऱ्या 'रिव्हेंज'पुढे ते चालले नाही. परंतु त्याचबरोबर दुसरी गोष्टही पाहिली पाहिजे. मराठी आरमार ज्या खाडीत शिरले तिच्या तोंडाशी पाणी उथळ होते आणि मोठ्या जहाजाला आत जाणे धोक्याचे होते. म्हणजे इंग्रजांना हे आरमार हुसकता आले, पण नष्ट करता आले नाही. ते खाडीत शाबूत असेपर्यंत त्याच्यावर पहारा ठेवणे भाग होते. आणि खाडीच्या तोंडाशी अडकलेले गलबत त्याच वेळी खांदेरीभोवती फिरू शकत नव्हते.

रात्रीची वाहतूक

खांदेरीचा निर्णय झाला तो या लढाईच्या आधी आणि नंतर, रात्रीमागून रात्री चाललेल्या वाहतुकीत. थळच्या किनाऱ्यावरून हलक्या होड्या अंधारात निघत, बेटावर सामान उतरवीत आणि पहाटेपूर्वी परतत. इंग्रज गलबतांना त्या अडविता येत नाहीत, ही तक्रार मुंबईच्या पत्रव्यवहारात वारंवार येते.

याची कारणे तीन होती. पहिले कारण वाऱ्याचे. पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. थळहून रात्री निघालेल्या भरल्या होडीस मतलई वाऱ्याची साथ मिळे. तोच वारा, बेटाच्या समुद्राकडील बाजूस नांगरलेल्या शिडाच्या जहाजाला किनाऱ्याकडे येताना विरोधी पडे. वारा पडला तर शिडाचे जहाज जागीच अडके, वल्ह्याची होडी मात्र चालू राही.

दुसरे कारण पाण्याच्या खोलीचे. बेट आणि किनारा यांमधील पट्टा उथळ असून त्यात खडपे आहेत. हलकी होडी भरतीच्या पाण्यात त्यांवरून जाऊ शकते. फ्रिगेटास तेथे रात्री शिरणे म्हणजे विनाशाला आमंत्रण देणे होय. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, वाऱ्यावाचून जी उपयोगी पडत नाहीत अशी फार थोर जहाजे बांधू नयेत, या अर्थाचा जो उपदेश आहे, त्यामागे अशाच अनुभवांचा साठा असावा.

तिसरे कारण प्रमाणाचे आहे, आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. सैनिक व कामकरी मिळून बेटावर ३०० माणसे होती असे धरले, आणि दर माणशी दररोज पाऊण किलो धान्य लागते असे मानले, तर रोजची गरज सव्वादोन क्विंटल होते. पिण्याचे सर्व पाणी किनाऱ्यावरून न्यावे लागले तरी दर माणशी ५ लिटर धरून त्याचे वजन दीड टन भरते. एवढा भार दोन-तीन मध्यम होड्यांत मावतो. दगड बेटावरच मिळत होता. चुना, लाकूड, लोखंड आणि दारू यांचीच भर घालावयाची होती. तात्पर्य, बेट जगविण्यासाठी मराठ्यांना दर रात्री थोड्याच होड्या पार करावयाच्या होत्या, तर बेट उपाशी पाडण्यासाठी इंग्रजांना दर रात्री प्रत्येक होडी अडवावी लागणार होती. एका होडीचे यश त्यांची त्या रात्रीची सगळी पाळत निष्फळ ठरवीत असे. जसजसा तट वर चढत गेला आणि त्यावर तोफा बसत गेल्या, तसतसे इंग्रजांना बेटाच्या जवळ राहणेही कठीण झाले.

अलीकडच्या युद्धेतिहासातील एका उदाहरणाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात, प्रशांत महासागरातील ग्वाडलकनाल बेटासाठी अमेरिका व जपान यांच्यात झुंज चालली. दिवसा आकाशात अमेरिकी विमानांचे वर्चस्व असल्यामुळे जपानी आरमार रात्री वेगवान विनाशिकांतून आपल्या सैन्यास रसद पोचवीत असे. युक्ती खांदेरीसारखीच होती, परंतु तिचा शेवट उलट झाला. जपानचा मुख्य तळ राबाउल तेथून सुमारे १,००० किलोमीटर दूर होता. विनाशिकांतून जड तोफा व पुरेसे धान्य नेता येत नव्हते, आणि भूक व रोगराई यांमुळे हजारो सैनिक दगावल्यावर जपानला बेट सोडावे लागले. रात्रीचा आडोसा दोघांनाही होता; खांदेरीस ५ किलोमीटरवर थळ होते, ग्वाडलकनालला तसे काही नव्हते. समुद्रातील ठाण्याचे बळ त्याच्या पाठीशी असलेल्या किनाऱ्याच्या अंतरावर किती अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

इंग्रजांची माघार

नोव्हेंबर अखेरीस सिद्दी कासीम ३४ गलबते घेऊन इंग्रजांना येऊन मिळाला आणि खांदेरीवर रोज तोफांचा मारा होऊ लागला. वरकरणी यामुळे मराठ्यांची स्थिती बिकट झाली. परंतु इंग्रजांपुढेही नवी अडचण उभी राहिली. सिद्दीने बेट घेतले तर तो ते आपल्यासाठीच ठेवील, अशी शंका त्यांना येऊ लागली. मुंबईच्या दाराशी मराठ्यांऐवजी सिद्दी बसणे हे कंपनीस हितकर नव्हते.

याखेरीज खर्चाचा प्रश्न होता. कंपनी ही व्यापारी संस्था होती, आणि मारल्या गेलेल्या युरोपीय सैनिकाच्या जागी दुसरा आणणे तिला जड जात होते. सुरतेच्या कौन्सिलने २५ ऑक्टोबरलाच, म्हणजे १८ तारखेच्या झुंजीस आठवडाही होतो न होतो तोच, मानाने अंग काढून घेण्याचे धोरण स्वीकारले होते. एक तर मध्यस्थीने शिवाजी महाराजांशी तंटा मिटवावा, नाही तर विरोधाचा भार वसईचे पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्यावर टाकावा, असा त्या धोरणाचा आशय होता. ज्या लढाईत इंग्रजांची सरशी झाली असे मानले जाते तिच्यानंतर घेतलेला हा निर्णय होता, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

जमिनीवरूनही दाब येत होता. मराठ्यांची काही हजार फौज कल्याण-भिवंडीच्या बाजूस आली होती. ठाण्यावरून मुंबईकडे जाणारी वाट पोर्तुगीजांच्या साष्टी बेटातून होती आणि पोर्तुगीजांनी ती दिली नाही. तरी या हालचालीने मुंबईकरांची चिंता वाढली. आरमार खांदेरीत गुंतवून ठेवले तर मुंबईच उघडी पडेल, हे भय त्यांच्या पत्रव्यवहारातून व्यक्त झाले आहे.

शिवाजी महाराज स्वतः या काळात कोकणात नव्हते. दिलीरखानाच्या विजापूरवरील स्वारीस शह देण्यासाठी ते मोगली मुलखात शिरले होते, आणि नोव्हेंबर १६७९ च्या मध्यास त्यांनी जालन्याची समृद्ध पेठ लुटली. संभाजीराजे तेव्हा दिलीरखानाकडे होते. मराठवाड्यातील ही स्वारी आणि खांदेरीची झुंज या एकाच हंगामातील घटना आहेत. राजा जालन्याकडे असताना थळच्या किनाऱ्यावरून रात्रीची होडी नेमाने सुटत राहिली, यावरून ही मोहीम एका व्यक्तीच्या उपस्थितीवर नव्हे, तर घालून दिलेल्या व्यवस्थेवर चालली होती असे दिसते.

जानेवारी १६८० पर्यंत इंग्रजांनी आपली गलबते काढून घेतली, आणि मार्चमध्ये दोन्ही पक्षांत समझोता झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १६८० रोजी, शिवाजी महाराजांचे निधन झाले. खांदेरी ही त्यांच्या आयुष्यातील शेवटच्या मोठ्या आरमारी कामांपैकी एक होय.

उंदेरीचा प्रतिदाखला

खांदेरीच्या यशाने जो नियम सिद्ध होतो तोच नियम शेजारच्या उंदेरीवर मराठ्यांच्या विरुद्ध लागू पडला. ९ जानेवारी १६८० रोजी सिद्दी कासीमने उंदेरीवर माणसे उतरवून तटबंदीस आरंभ केला. बेट किनाऱ्याच्या अगदी जवळ, मराठ्यांच्या तोफांच्या टप्प्यात होते. तरीही ते आधी व्यापण्याची दक्षता मराठ्यांनी घेतली नव्हती. जानेवारीच्या अखेरीस दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला. सुमारे चार तास झुंज चालली. मराठ्यांची काही गलबते गमावली गेली, पुष्कळ माणसे पडली, दौलतखान स्वतः जखमी झाला, आणि सिद्दी बेटावर राहिला. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत पुन्हा झालेले प्रयत्नही सफल झाले नाहीत. उंदेरी मराठ्यांच्या हाती येण्यास १७६० चा सुमार उजाडावा लागला. त्या मधल्या सुमारे ऐंशी वर्षांत खांदेरीसमोर शत्रूचे ठाणे कायम राहिले आणि खांदेरीचा जो पूर्ण लाभ मिळावयास हवा होता तो मिळू शकला नाही.

किनाऱ्याची जवळीक असली म्हणजे बेट आपोआप हाती राहते असे नाही, हे उंदेरीवरून दिसते. पहिला प्रवेश महत्त्वाचा असतो. थॉर्पला खांदेरीवर जे अनुभवास आले तेच चार महिन्यांनी दौलतखानास उंदेरीवर आले. फक्त आडोशामागे कोण आणि नौकेत कोण, एवढाच फरक पडला होता. एक बेट घेताना त्याच्या जोडीच्या बेटाचा विचार न होणे ही या मोहिमेच्या आखणीतील मोठी उणीव मानावी लागेल.

मोहिमेचे मूल्यमापन

पुढील इतिहासाने खांदेरीचे महत्त्व पुन्हा सिद्ध केले. नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातील खांदेरीवर मोठे आरमार पाठविले. तोही हल्ला फसला. बेट इंग्रजांकडे गेले ते १८१८ मध्ये, मराठी राज्यच लयास गेल्यावर. १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले. २०१९ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या एका पाणबुडीस 'खांदेरी' हे नाव देण्यात आले, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरीचा अंतर्भाव झाला.

या गौरवाबरोबर मोहिमेचा अर्थही नीट लावला गेला पाहिजे. १८ ऑक्टोबरच्या झुंजीस मराठ्यांचा विजय म्हणणे पुराव्यास धरून नाही. आणि त्या झुंजीवरून मराठी आरमार निरुपयोगी होते असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. त्या आरमाराचे काम इंग्रज फ्रिगेट बुडविणे हे नव्हते. बेटावरचा तट पुरेसा उंच होईपर्यंत शत्रूस गुंतवून ठेवणे आणि रसदेची वाट मोकळी राखणे हे त्याचे काम होते, व ते त्याने पार पाडले. आरमाराच्या पराक्रमाचे माप घेताना लढाऊ गलबतांसोबत मालाच्या होड्याही मोजल्या पाहिजेत.

ही मोजणी करू लागताच पुराव्यातील एक मोठी पोकळी जाणवते. इंग्रजांच्या पत्रांत ह्यूज, थॉर्प, केग्विन, मिंचिन यांची नावे आहेत. मराठ्यांच्या बाजूचे मायनाक भंडारी आणि दौलतखान हे दोघे आहेत. थळहून रात्री होड्या घेऊन जाणारे तांडेल, तोफांच्या माऱ्याखाली दगड रचणारे पाथरवट आणि चुना वाहणारे मजूर यांपैकी कोणाचेही नाव त्यांत येत नाही. बेट मात्र त्यांच्याच हातांनी राखले. खांदेरीच्या टेकड्यांभोवती आजही उभा असलेला तट, ज्याच्या पहिल्या आडोशाची सुरुवात त्या सप्टेंबरात झाली, हाच त्यांच्या कामाचा उरलेला दस्तऐवज होय. आणि मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहिताना कागदी दस्तऐवजांबरोबर त्याचेही वाचन होणे अगत्याचे आहे.